दुसरी कुंडी



आठवीत शिकणाऱ्या आमच्या नातीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी यंदा एक प्रयोग योजला. चहाचा चोथा मातीत मिसळला तर मेथी अधिक जोमाने वाढते, हे तिला सिद्ध करून दाखवायचे होते. आमच्या डोंबिवलीच्या घरात चोथ्याला तोटा नाही. दिवसातून चार वेळा तरी चहाचे आधण चढते. तिने एका कुंडीत माती घेतली, धुतलेला चोथा मिसळला, मूठभर मेथीदाणे पेरले आणि कुंडी खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली. आठ दिवसांत हिरवीगार मेथी तरारून आली. पोर आनंदाने नाचू लागली. तक्ता रंगवून झाला, त्याचे शीर्षकही ठरले: 'चहाच्या चोथ्याची किमया'.

मी छत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविले. जित्याची खोड म्हणतात तसे माझ्या तोंडून निघून गेले, "आणि चोथा न घातलेली कुंडी कुठे आहे?"

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अगं आजी, ती कशाला? माझा प्रयोग चोथ्याचा आहे ना?"

आरोग्याच्या पाक्षिकात मेथीच्या कुंड्यांचे काय काम, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नातीने विचारलेला प्रश्न आपण मोठी माणसेही घराघरांत रोज विचारतो, फक्त निराळ्या शब्दांत. "मला गुण आला ना? मग आणखी काय हवे?" औषध, तेल, काढा, पट्टा, बाजारात नव्याने आलेली भुकटी, यांपैकी कशाचाही विषय निघाला की हे उत्तर ठरलेले. म्हणून आज थोडा वेळ शाळेच्या प्रयोगशाळेत बसू या.

आपल्यापैकी ज्यांनी शाळेत शास्त्राचे तास मन लावून ऐकले असतील, त्यांना तीन परीक्षानळ्यांतील तीन खिळे आठवतील. पहिल्या नळीत साधे पाणी आणि त्यात अर्धवट बुडालेला लोखंडी खिळा. दुसऱ्या नळीत उकळून हवा काढून टाकलेले पाणी, त्यात पूर्ण बुडालेला खिळा आणि हवा आत शिरू नये म्हणून वर तेलाचा थर. तिसऱ्या नळीत पाणी नाही, फक्त ओलावा शोषून घेणारे कॅल्शिअम क्लोराइड, आणि बूच घट्ट लावलेले. काही दिवसांनी पाहिले तर गंज चढतो तो पहिल्या खिळ्यावर. दुसऱ्याला पाणी होते पण हवा नव्हती, तिसऱ्याला हवा होती पण पाणी नव्हते. गंजण्यासाठी दोन्ही लागतात, हे त्यावरून कळते.

आता असे समजा की शिक्षकांनी केवळ पहिलीच नळी ठेवली असती. खिळा गंजला असता, मुलांनी वहीत तसे लिहिले असते, आणि तो पाण्याने गंजला की हवेने, हे कोणालाच सांगता आले नसते. दुसऱ्या आणि तिसऱ्या नळीत काहीच घडत नाही. त्या नुसत्या उभ्या असतात. तरीही सारे ज्ञान मिळते ते त्यांच्यामुळे.

प्रयोगात जी गोष्ट आपण हेतुतः बदलतो तिला स्वतंत्र चल म्हणतात. नातीच्या प्रयोगात ती म्हणजे चोथा. त्या बदलाचा परिणाम म्हणून जे आपण मोजतो, म्हणजे रोपांची उंची किंवा उगवलेल्या दाण्यांची संख्या, ते अवलंबी चल. आमच्या बी.एड.च्या पुस्तकांत यांनाच स्वाश्रयी आणि आश्रयी चल अशी भारदस्त नावे होती. उरलेल्या ज्या ज्या गोष्टी परिणामावर छाप पाडू शकतात, जसे ऊन, पाणी, माती, बियाणे, त्या दोन्हीकडे सारख्या ठेवायच्या. आणि ज्या गटात तो एकच बदल केलेला नाही, बाकी सर्व काही तेच आहे, तो नियंत्रित गट. हे नाव मला कधीच आवडले नाही. ऐकणाऱ्याला वाटते, कोणाला तरी बंधनात ठेवले आहे. वर्गात मी त्याला 'तुलनेचा गट' म्हणत असे, आणि येथेही तसेच म्हणणार आहे.

नात हट्टी असली तरी समंजस आहे. दुसऱ्याच दिवशी तिने दुसरी कुंडी आणली. मात्र तिच्यात रोपवाटिकेतून आणलेली लाल माती होती, मेथीदाणे वाण्याकडच्या नव्या पुडीतले होते, आणि ग्रिलमध्ये जागा नाही म्हणून ती कुंडी न्हाणीघराच्या खिडकीत गेली होती. चार दिवसांनी ती विजयी मुद्रेने म्हणाली, "बघ, हिच्यात कमी उगवली!" मी तिला विचारले, "कशामुळे? मातीमुळे, दाण्यांमुळे, उन्हामुळे की चोथ्यामुळे?" यावर ती रुसली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या वेळी मात्र तिने जी मांडणी केली, ती पाहून माझ्यातल्या शिक्षिकेचा ऊर भरून आला. दह्याचे सहा रिकामे डबे घेतले आणि प्रत्येकाच्या बुडाला सारखी भोके पाडली. एकाच बादलीतली माती चाळून सहा वाटे केले. एकाच पुडीतले वीस वीस दाणे मोजून पेरले. कोणत्या तीन डब्यांत चोथा जायचा, हे तिने चिठ्ठ्या टाकून ठरविले. नाहीतर हात आपोआप चांगल्या डब्याकडे जातो. पाणी घालायला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची मापाची टोपी. रोज सकाळी प्रत्येक डब्याला दोन टोप्या, ना कमी ना जास्त. भिंतीकडच्या बाजूला ऊन तासभर कमी येते, हे तिच्या लक्षात आले, तेव्हा ती रोज डब्यांच्या जागा फिरवू लागली. एकेकच डबा का नाही, हे विचारण्याची वेळ आली नाही, कारण तिसऱ्याच दिवशी एका डब्यातले चार दाणे मुंग्यांनी नेले. तेवढा एकच डबा असता तर चोथा बिचारा हकनाक बदनाम झाला असता.

मोजण्याचे काम आमच्या ह्यांच्याकडे आले. वय अठ्ठ्याहत्तर, नजर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर लख्ख, आणि नातीवर जीव. अडचण होती ती जीव असण्याचीच. चोथ्याच्या डब्यातले रोप मोजताना पट्टी अर्धा सेंटिमीटर वर सरकणार, हे मला ठाऊक होते आणि त्यात त्यांचा काही अप्रामाणिकपणा नव्हता. म्हणून डब्यांच्या बुडाला आकडे घातले. कोणत्या आकड्यात चोथा आहे ते कागदावर लिहून तो कागद भिंतीवरच्या कालनिर्णयामागे दडविला. मातीत चोथ्याचे काळे कण दिसतात, ही शंका नातीनेच काढली आणि सहाही डब्यांवर कोरड्या मातीचा पातळ थर पसरला. आजोबा रोज संध्याकाळी चष्मा पुसून पट्टी घेऊन बसत आणि कोणाचे माप घेत आहोत हे ठाऊक नसताना निमूटपणे आकडे सांगत.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावयास घेतला, ते सांगते. सांगताना थोडा संकोच होतो.

वीस वर्षांपूर्वी आम्ही नाशिकला होतो. माझ्या सासूबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्या वर्षीच्या थंडीत त्यांचे गुडघे असे धरले की पाटावरून उठणे अशक्य झाले. जानेवारीत आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. त्यांनी थोड्या दिवसांसाठी वेदनाशामक गोळी दिली, जमिनीवर बसणे बंद करून खुर्ची वापरायला सांगितली आणि व्यायाम शिकून घेण्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठविले. पाय सरळ ठेवून उचलायचा, खुर्चीत बसून गुडघा ताठ करायचा, असे मांडीचे स्नायू बळकट करणारे साधे व्यायाम होते. त्याच पंधरवड्यात एका नातेवाइकांनी एक महागडे तेल आणून दिले. मार्च उजाडेपर्यंत सासूबाईंचे दुखणे निम्म्याहून कमी झाले. घरात सर्वांच्या मुखी तेलाचे नाव झाले. त्याची बाटली देवघराशेजारच्या कोनाड्यात विराजमान झाली. व्यायाम कंटाळवाणा, तेल सुखाचे. तेव्हा व्यायाम सुटला. खुर्ची गेली, पाट परत आला. आणि कोणी विचारले तर मी, विज्ञानाची शिक्षिका, सांगत असे की "तेलाने फार फरक पडला हो."

पुढच्या थंडीत त्यांना उठवायला दोघी लागत. मांडी हाताला बारीक लागू लागली होती. तेल चालूच होते.

सकाळी नववीच्या वर्गात फळ्यावर तीन परीक्षानळ्या काढणारी मी संध्याकाळी घरी येऊन पहिल्याच नळीवर निष्कर्ष काढून मोकळी झाले होते. गोळी, खुर्ची, व्यायाम, तेल आणि सरत चाललेली थंडी, एवढ्या पाच गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या, आणि श्रेय मात्र ज्याला पैसे अधिक पडले त्याला मिळाले. सासूबाई पुढे सात वर्षे होत्या. काळाराम मंदिरात जाण्याची त्यांची फार इच्छा असे, परंतु कोणत्याही देवळाच्या पायऱ्या त्या पुन्हा चढू शकल्या नाहीत. व्यायाम चालू ठेवला असता तर चढल्या असत्या, असेही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्यालाही दुसरी कुंडी नाही.

आपण फसतो कसे, हे जरा बारकाईने पाहण्याजोगे आहे. झिजेचे दुखणे समुद्राच्या भरती-ओहोटीसारखे चढते, उतरते. आपण नवा उपाय केव्हा शोधतो? दुखणे ऐन भरतीला असते तेव्हा. म्हणजे त्यानंतर काहीही केले, किंवा काहीच केले नाही, तरी पुष्कळदा ते थोडे उतरणारच असते. जो उपाय त्या वेळी हाताशी असतो, त्याच्या पदरात पुण्य पडते. सर्दीचे तसेच, पाठीत भरलेल्या उसणीचे तसेच. यात भर पडते ती अपेक्षेची. आपल्यासाठी कोणी काही करीत आहे, प्रेमाने तेल चोळीत आहे, या भावनेनेच वेदना खरोखर कमी जाणवते. ती वेदना खोटी नसते आणि तो आरामही खोटा नसतो. प्रश्न फक्त एवढाच की त्याचे श्रेय बाटलीतल्या द्रव्याचे की चोळणाऱ्या हाताचे.

गुडघ्यांवरून निघालेच आहे तर अमेरिकेतील एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. तेथील ह्यूस्टन शहरात माजी सैनिकांच्या रुग्णालयात गुडघ्याच्या झिजेने त्रस्त असलेल्या १८० रुग्णांवर तो झाला आणि २००२ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी गुडघ्यात दुर्बीण घालून आतील भाग खरवडून साफ करण्याची, किंवा नुसता धुऊन काढण्याची शस्त्रक्रिया सर्रास होत असे आणि रुग्ण समाधानी असत. डॉक्टरांनी तीन गट केले. एकाचा गुडघा साफ केला, दुसऱ्याचा धुतला. तिसऱ्या गटातील रुग्णांना शस्त्रक्रियागृहात नेले, गुंगी दिली, त्वचेवर तीन लहान छेद घेतले, पाण्याचा आवाज केला, आणि गुडघ्याच्या आत काहीही न करता छेद शिवून टाकले. असे होऊ शकते याची पूर्वकल्पना देऊन सर्वांची संमती आधीच घेतलेली होती. मात्र आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला ठाऊक नव्हते. दोन वर्षे पाठपुरावा केला. खऱ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना खोट्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांहून अधिक आराम मिळाला, असे कोणत्याही टप्प्यावर दिसले नाही. तिसरा गट नसता तर ती शस्त्रक्रिया गुणकारी आहे असेच सर्वांनी, डॉक्टरांनी आणि रुग्णांनी, प्रामाणिकपणे म्हटले असते. हा निष्कर्ष झिजेपुरता आणि त्या विशिष्ट शस्त्रक्रियेपुरता आहे, हे ध्यानी असू द्यावे. सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध नाही.

असा विचार करणारे लोक पूर्वीही होते. १७४७ साली ब्रिटिश आरमाराच्या सॅलिस्बरी नावाच्या जहाजावर जेम्स लिंड हा शल्यविशारद होता. लांबच्या सफरीत खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्या सुजून रक्त येई, अंगातले त्राण जाई, कित्येक मरत. लिंडने १२ आजारी खलाशी निवडले, शक्य तितक्या सारख्या अवस्थेतले. सर्वांना एकाच जागी ठेवले, सर्वांचे जेवण एकच. मग दोघादोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. एका जोडीला सफरचंदाचे आंबवलेले पेय, एकीला सौम्य केलेल्या गंधकाम्लाचे थेंब, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचे पाणी, एकीला लसूण-मोहरी इत्यादींचे चाटण आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत फळे संपली. तोवर त्या दोघांपैकी एक कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता आणि दुसरा इतर आजाऱ्यांची शुश्रूषा करू लागला. आठवीतली मुलगी सहा डब्यांत जे करते, तेच त्याने सहा जोड्यांत केले.

पुढची कथा मात्र मनाला चुटपुट लावणारी आहे. फळे टिकत नाहीत म्हणून लिंडने रस आटवून जहाजावर नेण्याची युक्ती सुचविली. तापविल्याने त्यातील क जीवनसत्त्व नष्ट होते, हे त्या काळी कोणास ठाऊक असणार? त्याने ताज्या फळाची कसोटी घेतली आणि आटवलेला रस कसोटीविनाच पुढे केला. एक चल नकळत बदलला. ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सर्वत्र देण्याचा निर्णय व्हायला १७९५ साल उजाडले. वरणभातावर लिंबू पिळायचे ते जेवायला बसल्यावर, चुलीवर नाही, हा आपल्या आजीचा रिवाज या दृष्टीने फार शहाणपणाचा होता.

तुलनेचा गट केवळ भ्रमनिरास करतो असे मात्र नाही. त्याने घराघरांतल्या शुश्रूषेला बळही दिले आहे आणि ते आपल्याच देशात. क्षयरोग्याला घरापासून दूर, मोकळ्या हवेच्या आरोग्यधामात महिनोन् महिने ठेवावे, भरपूर विश्रांती आणि सकस आहार द्यावा, ही एके काळी सर्वमान्य पद्धत होती. आपल्यापैकी काहींनी घरातले माणूस मिरजेस किंवा अन्यत्र असे पाठविलेले पाहिले असेल. गरिबाला ते कसे परवडावे? आणि इतक्या रुग्णांना खाटा तरी कोठून आणाव्यात? १९५६ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, यासाठी एक केंद्र सुरू झाले. तेथे १९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निव्वळ योगायोगाने दोन गटांत विभागणी केली. दोघांनाही औषधे तीच, वर्षभर. एक गट आरोग्यधामात राहिला: खाट, परिचारिका, उत्तम अन्न, विश्रांती. दुसरा आपापल्या घरी: दाटीवाटीची वस्ती, बेताचे अन्न, आणि पुष्कळांना कामाला जाणे भाग. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगभरच्या तज्ज्ञांना चकित केले. घरी राहिलेल्यांचे बरे होण्याचे प्रमाण आरोग्यधामातील रुग्णांच्या फार मागे नव्हते. घरच्या इतर माणसांना त्यामुळे अधिक धोका झाला, असेही आढळले नाही. नियमित औषध हीच खरी महत्त्वाची गोष्ट, हे ठळकपणे पुढे आले आणि क्षयाचा उपचार घरी राहून करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या दुसऱ्या गटाने, त्या दाटीवाटीच्या घरांनी, पुढे किती कुटुंबांची ताटातूट वाचविली असेल!

आता आपल्या घरचे पाहू. येथे आरंभीच एक गोष्ट निक्षून सांगते. कुंडीला पाणी न देता काय होते, हे पाहता येते. माणसाच्या बाबतीत तसे करावयाचे नसते. रक्तदाबाची, मधुमेहाची, थायरॉइडची, फिटची, रक्त पातळ ठेवणारी गोळी "बंद करून पाहू या, काही फरक पडतो का" म्हणून थांबविणे हा प्रयोग नव्हे, जिवाशी खेळ आहे. वैद्यकीय संशोधनातही गंभीर आजाराच्या तुलनेच्या गटाला उपाशी ठेवत नाहीत. त्याला प्रचलित उत्तम उपचार मिळतो आणि नव्या औषधाची तुलना त्याच्याशी होते. तेव्हा वैज्ञानिक दृष्टीच्या उत्साहात कोणी गोळ्यांच्या डब्याला हात लावू नये. शंका असेल तर ती डॉक्टरांपुढे मांडावी.

मग करावे काय? घरातल्या एकट्या आजोबांचे दोन गट पाडता येत नाहीत. परंतु एकाच पानाच्या अर्ध्या भागावर काळा कागद लावून आपण शाळेत प्रकाशाचा परिणाम पाहिलाच होता. ते पान स्वतःशीच तुलना करीत असे. तसे माणसाचे आजचे माप कालच्या मापाशी ताडून पाहता येते. अट एवढीच की बाकीच्या गोष्टी सारख्या असाव्यात. रक्तदाबाचेच घ्या. सोमवारी जिना चढून आल्या आल्या मोजला, मंगळवारी चहानंतर, बुधवारी सुनेशी बोलता बोलता. आणि मग "गोळी लागू पडत नाही" असा निष्कर्ष. येथे गोळीची परीक्षा झालीच नाही. त्याऐवजी ठरावीक वेळ, तोच दंड, पाठीला टेकण, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत टेकलेला, आधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नाही, लघवीला जाऊन आलेले, पाच मिनिटे शांत बसलेले, आणि मोजताना गप्पा बंद. मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत. आमच्या नातीने टोपीने पाणी मोजले, त्यातलाच हा प्रकार.

मोजमापाला वेळही पुरेसा द्यावा लागतो. तीन महिन्यांची साखर म्हणून जी तपासणी आपण करतो, ती मागील दोन-तीन महिन्यांचा गोषवारा सांगते. आठ दिवस एखादा रस पिऊन त्या तपासणीवर त्याचा गुण पाहू गेलात तर हाती काहीच लागणार नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांना माझे एक कळकळीचे सांगणे आहे. समजा, घरातल्या आजींना चक्कर येऊ लागली. त्याच आठवड्यात रक्तदाबाची गोळी बदलली होती, नवा चष्मा आला होता, उपवास होता, आणि मुलीने झोपेसाठी म्हणून कसलेसे चूर्ण चालू केले होते. आता डॉक्टरांनी कोणाला दोष द्यावा? ज्या वहीत "अमुक तारखेपासून नवी गोळी, अमुक तारखेपासून चष्मा" अशी नोंद असते, ती वही डॉक्टरांच्या हाती दिली तर निम्मे काम झाले. जे आपल्या हाती आहे, म्हणजे तेल, चूर्ण, काढे, पथ्ये, उशा, गाद्या, ते तरी एका वेळी एकच बदलावे आणि त्याची कल्पना डॉक्टरांना द्यावी. काही चूर्णे आणि काढे गोळ्यांशी भांडतात. चक्कर, छातीत दुखणे, बोलताना जीभ अडखळणे, अशा वेळी मात्र वही मिटून आधी रुग्णालय गाठावे.

आणि जाहिरात वाचताना? "शंभरातील नव्वद जणांना गुण" असे ठळक अक्षरांत असते. ज्यांनी ते घेतले नाही त्या शंभरांपैकी कितींना गुण आला, हे त्या कागदावर कोठे लिहिले आहे का, ते पाहावे. मी अलीकडे भिंग घेऊन पाहते. क्वचितच सापडते.

नातीच्या प्रयोगाचे काय झाले, हे सांगायचे राहिलेच. बाराव्या दिवशी कालनिर्णयामागचा कागद काढला. चोथ्याच्या तीन डब्यांत साठांपैकी ५१ दाणे उगवले होते, बिनचोथ्याच्या डब्यांत ५३. मुंग्यांनी नेलेले चार दाणे चोथ्याच्याच वाट्याचे होते. उंचीत फरक म्हणावा असा नव्हता. तिचा चेहरा पडला. "आता प्रदर्शनात काय मांडू? काहीच झालं नाही!" आजोबा म्हणाले, "हेच मांड." तक्त्यावरचे 'किमया' खोडून तिने लिहिले, 'चहाच्या चोथ्याने मेथी वाढते का?' बक्षीस मिळाले नाही. ते ज्वालामुखीच्या प्रतिकृतीला गेले.

त्या रविवारी सहाही डब्यांतली कोवळी मेथी खुडून घोळाणा केला. जेवताना हे म्हणाले, "काही म्हण, चोथ्याची मेथी चवीला सरसच." नात ताटावरून उठली. दोन वाट्यांत दोन प्रकारचा घोळाणा वेगवेगळा काढला, आजोबांच्या डोळ्यांना पंचा बांधला आणि चमचा पुढे केला. पाच वेळा चाखून त्यांनी दोनदा बरोबर ओळखले.